कॅमेराच भूत होतो तेव्हा: 'इव्हिल डेड २'

हॉरर-कॉमेडी या नावाखाली जे सिनेमे येतात त्यातल्या बहुतेकांत हॉरर वेगळा आणि कॉमेडी वेगळी असते. दहा मिनिटं विनोदी पात्रं बडबडतात, मग पाच मिनिटं दिवे जातात आणि दारं करकरतात. 'इव्हिल डेड २' (१९८७) मध्ये अशी वाटणीच नाही. ज्या शॉटला दचकायला होतं त्याच शॉटला हसू फुटतं, आणि ही दोन्ही कामं कॅमेरा, रबर, लाकूड आणि रक्तासाठीचा रंगीत पाक मिळून करतात. संवादांची त्यांना फारशी गरज पडत नाही. प्रत्यक्ष सेटवर केलेल्या करामती आणि कल्पक कॅमेरा यांचं वेड असणाऱ्याने एकच चित्रपट निवडायचा ठरवलं, तर तो हाच निवडावा.

गोष्ट पोस्टकार्डावर मावते. जंगलात एक केबिन आहे. तिथे एका प्राध्यापकाने जुन्या ग्रंथातले मंत्र टेपवर वाचून ठेवले आहेत. अ‍ॅश नावाचा तरुण लिंडा या मैत्रिणीबरोबर तिथे येतो, टेप लावतो आणि मग रात्रभर मार खातो. दिग्दर्शक सॅम रेमी, अ‍ॅशच्या भूमिकेत ब्रूस कॅम्पबेल, लांबी ८४ मिनिटं. १९८१ चा पहिला भाग १६ मिमीवर काढून थिएटरसाठी मोठा केलेला होता. दुसऱ्या भागाला निर्माते दिनो दे लॉरेंटिस यांचा पैसा मिळाला, फिल्म ३५ मिमी झाली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या वेड्सबरो गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत केबिनच्या आतला सेट उभा राहिला. पहिल्या भागातली दृश्यं हक्कांच्या भानगडीमुळे वापरता आली नाहीत, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं तीच कथा नव्याने चित्रित करून उरकली आहे. त्यामुळे पहिला भाग पाहिलेला नसला तरी काहीही अडत नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. या मालिकेतली मुख्य सैतानी शक्ती सहसा दिसत नाही. ती ज्या नजरेने बघते ती नजर म्हणजे कॅमेरा. जमिनीलगत, झुडपं तुडवत, झाडांमधून वाट काढत ती केबिनवर चाल करून येते. पहिल्या भागाच्या वेळी स्टेडीकॅम, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी अंगावर बांधायची बैठक, परवडण्यासारखा नव्हता, म्हणून एका लांब लाकडी फळीच्या मध्यावर कॅमेरा बसवला, दोन माणसांनी फळीची दोन टोकं धरली आणि दोघं पळत सुटले. हे का चालतं, त्यामागे साधं कारण आहे. एका माणसाच्या पावलाचा धक्का फळीच्या एका टोकाला बसतो, मध्यावर पोहोचेपर्यंत तो निम्मा होतो, आणि दोघांची पावलं एका वेळी पडत नसल्यामुळे उरलेले धक्के एकमेकांत मुरतात. वर वाइड लेन्स लावली की राहिलेली थरथर आणखी कमी जाणवते, आणि जवळचं गवत सुसाट मागे जात असल्यामुळे वेग असतो त्याहून जास्त वाटतो.

हा प्रयोग आज मोबाइल आणि गिंबल (मोबाइल स्थिर धरणारी मोटरवाली मूठ) घेऊन करणारे बरेच असतात आणि त्यांचा शॉट हमखास फसतो. गिंबल सगळे धक्के पुसून टाकतो, मग झपाटलेल्या शक्तीऐवजी एखाद्या बंगल्याच्या जाहिरातीचा शॉट हाती येतो. थोडा हेलकावा हवाच, त्यानेच त्या न दिसणाऱ्या गोष्टीला वजन येतं. दुसरी चूक उंचीची. छातीच्या उंचीवर कॅमेरा धरला की तो चालणाऱ्या माणसाची नजर होतो. गुडघ्याखाली, जमिनीपासून फूटभर अंतरावर आणला की तो काहीतरी वेगळंच होतो. तिसरी गोष्ट म्हणजे वाटेत अडथळे ठेवा. मोकळ्या मैदानावर ही नजर पळवली तर वेग कळतच नाही. फांद्या लेन्सला घासून गेल्या पाहिजेत.

डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची चाकांची गाडी, नव्हती तेव्हा पहिल्या भागात आणखी एक जुगाड केला होता. फळीला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर व्हॅसलिन फासायचं आणि कॅमेऱ्याची बैठक त्यावरून सरकवायची. ही युक्ती आजही चालते, फक्त फळीच्या सांध्यावर पट्टीची कड वर आलेली नको. तिथे कॅमेरा अडखळला की तेवढ्या एका झटक्याने सगळा शॉट वाया जातो.

दुसऱ्या भागात पैसे असल्यामुळे कॅमेरा दारं-खिडक्या फोडून आत शिरतो. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पुढे दार फोडणारा दणकट ओंडकासदृश भाग लावलेली चौकट वापरली. आधी तो भाग आपटतो, दार फुटतं, आणि लेन्स मागोमाग सुखरूप आत येते. याचा सर्वोच्च क्षण म्हणजे केबिनमधला पाठलाग. अ‍ॅश पळतोय, एकेक दार मागे लावून घेतोय, आणि कॅमेरा एकेक दार फोडत त्याच्यामागे येतोय. बाहेरून दिसणाऱ्या त्या चिमुकल्या केबिनमध्ये एवढ्या खोल्या मावणं शक्यच नाही, पण वेग असा आहे की ते लक्षात येत नाही. मग अ‍ॅश नाहीसा होतो. कॅमेरा थांबतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. सापडत नाही म्हटल्यावर आल्या वाटेने मागे मागे सरकत बाहेर पडतो आणि जंगलात परततो. आतापर्यंत ज्या नजरेला आपण घाबरत होतो ती क्षणात हिरमुसलेल्या प्राण्यासारखी वाटते. चेहरा नाही, आवाजात शब्द नाहीत, तरी तिचा मूड कळतो. शिवाय भीती संपत नाही, कारण ती पुन्हा येणार हे ठाऊक असतं. छायाचित्रणाचं श्रेय पीटर डेमिंग यांचं. पुढे डेव्हिड लिंच यांच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'चं काम करणारे हेच.

वेगाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने दाखवली जाते. कॅमेरा १८ फ्रेमने चालवला तर पडद्यावरची हालचाल १.३३ पट वेगवान होते, १२ फ्रेमने चालवला तर दुप्पट. मूकपटांतले विनोदवीर याच जोरावर पळायचे, आणि रेमी थ्री स्टूजेस या जुन्या अमेरिकी विनोदी त्रिकुटाच्या आपटाआपटीवर वाढलेला दिग्दर्शक आहे. डिजिटलवर लोक २४ ने शूट करून एडिटिंगला वेग १३३ टक्के करतात. तेव्हा सॉफ्टवेअर दर चार फ्रेमपैकी एक फेकून देतं आणि हालचालीत ठरावीक अंतराने उचकी येते. कॅमेऱ्यात १८ फ्रेमची सोय असेल तर शूटच १८ ने करावं. फ्रेम उडत नाहीत, आणि शटर (प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ) १/३६ सेकंदाच्या आसपास राहिल्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये पुरेशी अस्पष्टता येऊन हालचाल सलग वाटते. कुठलीही हालचाल उलटी हवी असेल, म्हणजे वस्तू उडून हातात यायला हवी असेल, तर ती हातातून फेकून चित्रित करून मागून पुढे लावायची. इथे फसतात ते धूर आणि केस. धूर परत चुलीत शिरताना दिसला की चोरी उघडी पडते.

चित्रपटाचा गाभा मात्र हाताच्या प्रकरणात आहे. अ‍ॅशचा उजवा हात झपाटतो आणि त्याच्याच जिवावर उठतो. स्वयंपाकघरात तो हात बशा उचलून अ‍ॅशच्या डोक्यात फोडतो, केस धरून त्याला ओट्यावर आपटतो, मानगुटीला धरून हवेत कोलांटी मारायला लावतो. इथे यंत्र नाही, संगणक नाही, फक्त एक नट आहे. कॅम्पबेलचा खांद्यापासून खालचा हात एकाचा आणि बाकीचं शरीर दुसऱ्याचं, असं खरोखर वाटतं. बारकाईने बघा: हात हलण्याआधी त्याची नजर हाताकडे जात नाही. फटका बसतो आणि मग डोळे वळतात. हा अर्ध्या सेकंदाचा उशीरच सगळं पटवून देतो. नकली मारामारी फसते ती नेमकी इथेच, कारण नट फटका यायच्या आधीच डोळे मिटतो.

पुढे बेशुद्ध अ‍ॅशला तो हात बोटांनी जमीन ओरबाडत सुऱ्याच्या दिशेने फरफटत नेतो. मग चेनसॉ (यांत्रिक करवत) येतो आणि हात सुटा होतो. सुट्या हाताचे शॉट कसे जुळवलेत ते शिकण्यासारखं आहे. काही ठिकाणी जमिनीतल्या भोकातून वर आलेला खऱ्या माणसाचा हात, काही ठिकाणी यांत्रिक हात, आणि दोन्ही आलटून पालटून इतक्या थोडक्यात दाखवलेत की डोळ्याला फरक शोधायला वेळच मिळत नाही. असं काही करायचं असेल तर हिशेब सोपा: बोटांचा अभिनय लागतो तिथे खरा हात, सरपटणं लागतं तिथे यंत्र, आणि एका प्रकारावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. अ‍ॅश त्या हातावर बादली पालथी घालतो आणि वजन म्हणून पुस्तकं रचतो. वरचं पुस्तक हेमिंग्वेचं 'अ फेअरवेल टू आर्म्स' आहे. कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही, ज्याला दिसलं त्याला दिसलं.

मग रक्त. भिंतीत शिरलेल्या हातावर अ‍ॅश बंदूक झाडतो, भिंतीतून आधी बारीक धार लागते आणि क्षणात नळ फुटल्यासारखा लोंढा त्याच्या तोंडावर येतो. लक्ष द्या, रंग बदलत जातो. या चित्रपटात लाल, काळं, हिरवं असं सगळ्या छटांचं रक्त आहे. अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाचा एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, हा शेरा टळावा म्हणून हा रंगांचा खेळ केला होता. तरी शेवटी चित्रपट प्रमाणपत्राविनाच लागला, त्यासाठी रोझबड नावाची वेगळी वितरण कंपनी दाखवावी लागली. पण त्या बंधनातून निघालेला विनोद अस्सल आहे. एकदा रक्त काळं-हिरवं झालं की ते जखमेचं रक्त राहत नाही, होळीचा रंग होतो, आणि कितीही ओतलं तरी किळस न येता हसू येतं.

पहिल्या भागातलं रक्त मक्याच्या पाकात खाद्यरंग आणि कॉफी घालून केलेलं होतं. आपल्याकडे तो पाक सहज मिळत नाही, पण बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज तेच काम करतं. १ किलो ग्लुकोजला १५० ते २०० मिली कोमट पाणी, २ चमचे लाल खाद्यरंग, निळ्याचे ३-४ थेंब आणि २ मोठे चमचे कोको पावडर. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून गाळून घ्या. गुठळी राहिली की नळी तुंबते आणि ऐन टेकला धारच येत नाही. कोको वगळला तर द्रव पारदर्शक राहतो आणि दिव्याखाली रुह अफ्झासारखा दिसतो. निळा जास्त झाला तर जांभळट झाक येते. थंडीच्या दिवसांत हेच मिश्रण घट्ट होतं, म्हणून पाण्याचं प्रमाण सेटवरच ठरवावं. खाद्यरंगाचे डाग कातडीवर एक-दोन दिवस राहतात आणि चुन्याच्या भिंतीवरून जातच नाहीत, तेव्हा भाड्याच्या घरात प्लास्टिक अंथरल्याशिवाय बाटली उघडू नका. मुंग्या-माश्या येणारच. आणि फरशीवर सांडलेलं आधी पुसायचं, मग पुढचा टेक. पाक ओला असताना तेलासारखा घसरतो आणि सुकला की बुटाचा तळ धरून ठेवतो, दोन्ही वेळी माणूस पडतो.

या लोंढ्यानंतर येतो तो हसणाऱ्या खोलीचा प्रसंग, माझ्या मते सबंध चित्रपटातला सर्वश्रेष्ठ. भिंतीवरचं हरणाचं मुंडकं मान वळवून अ‍ॅशकडे बघतं आणि खदाखदा हसू लागतं. मग टेबलावरचा दिवा हसतो, पुस्तकं हसतात, सगळी खोली हसते. आणि अ‍ॅशही त्यांच्यात सामील होतो, दिव्यासारखा वाकून वाकून. तंत्र म्हणाल तर कळसूत्री बाहुल्यांचं. दांड्या, दोऱ्या आणि सेटच्या मागे दडलेली माणसं. पण प्रत्येक वस्तूला तिच्या घडणीप्रमाणे हसायला लावलंय: दिवा कमरेत वाकतो, पुस्तकं पानं फडफडवतात. त्यात कॅम्पबेलचं हसणं हळूहळू किंचाळण्याकडे सरकतं आणि आपलं हसू घशात अडकतं. वस्तू खरोखर समोर हलत होत्या म्हणून नट त्यांच्या तालावर हसू शकला. हिरव्या पडद्यासमोर हे जमलं नसतं.

मेकअपची बाजू मार्क शोस्ट्रोम यांनी सांभाळली. त्यांच्या हाताखाली रॉबर्ट कर्ट्झमन, ग्रेग निकोटेरो आणि हॉवर्ड बर्गर ही तरुण मंडळी होती. १९८८ साली या तिघांनी आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून केएनबी ही कंपनी काढली आणि पुढे या क्षेत्रात मोठं नाव कमावलं. इथली त्यांची भारी कामगिरी म्हणजे तळघरातली हेनरिएटा, प्राध्यापकाची झपाटलेली बायको. तो सगळा अवाढव्य देह म्हणजे फोम लेटेक्सचा सूट, आणि आत दिग्दर्शकाचा भाऊ टेड रेमी. फोम लेटेक्स म्हणजे फेसाळलेलं रबर साच्यात ओतून मंद आचेवर कित्येक तास भाजलेलं. हलकं असतं, सुरकुत्या खऱ्यासारख्या पडतात, पण त्यातून हवा खेळत नाही. वेड्सबरोच्या उन्हाळ्यात त्या सूटमध्ये घामाचं तळं साचायचं. हेनरिएटा हवेत गरगर फिरते त्या शॉटमध्ये तिच्या कानातून पाण्याची धार उडताना दिसते, तो टेडचा घाम आहे. काढून टाकला नाही हे बरंच झालं, त्या थेंबांमुळे ती बाई आणखी जिवंत वाटते. असा सूट बनवणाऱ्यांनी बगलेत आणि पाठीच्या शिवणीत हवेला वाट ठेवावी, आणि नटाला दर टेकनंतर मुखवटा वर करून पाणी पाजावं. घामाने आतून डिंक सुटला की ओठांच्या कडा उचलतात आणि जवळचा शॉट बाद होतो.

स्टॉप-मोशनबद्दल मात्र हात राखून कौतुक करावं लागतं. लिंडाचं मुंडकं नसलेलं प्रेत थडग्यातून उठून चांदण्यात नाचतं, ते डग बेस्विक यांचं काम. १० सेकंदांच्या नाचाला २४० फ्रेम, प्रत्येक फ्रेमला बाहुली थोडी हलवायची. अशा हालचालीत अस्पष्टता नसते, प्रत्येक फ्रेम धारदार असते, म्हणून ती किंचित थरथरते. नाचाला ही थरथर शोभते, कारण प्रेताने माणसासारखं नाचणं अपेक्षितच नाही. पण शेवटी हेनरिएटाची मान लांब होते तेव्हा सूटमधला माणूस आणि छोटी बाहुली यांच्यातला सांधा उघड दिसतो. कातडीची चमक वेगळी, प्रकाश वेगळा, वजन तर अजिबात नाही.

चित्रपटाचा पडता भागही तिथेच आहे. पहिला अर्धा भाग जवळजवळ एकट्या अ‍ॅशवर चालतो आणि तो निर्दोष आहे. मग प्राध्यापकाची मुलगी आणि आणखी तिघं येतात, आणि त्यांना ओळख, भांडण, मरण असं सगळं द्यावं लागतं. कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवर थांबायला लागतो, म्हणजे या चित्रपटात जे करायचं नाही तेच करतो. शेवटचा आकाशातला भोवरा आणि केबिनला पकडणारं राक्षसी झाड यांत वेगवेगळी चित्रं एकावर एक चढवल्याच्या कडा स्पष्ट दिसतात. मधे एकदाच जुना वेग परत येतो, तो शेडमध्ये अ‍ॅश तुटलेल्या मनगटावर चेनसॉ बसवतो तेव्हा. झटक्यात जवळ जाणारे झूम, पट्टा, खटका, बंदुकीची कापलेली नळी, आणि प्रत्येक कटला लोखंडाचा एक आवाज. ते दृश्य आवाज बंद करून एकदा आणि फक्त ऐकून एकदा असं दोनदा अनुभवावं.

मराठीत या घराण्याचा नातेवाईक एकच, महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला'. तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्यासमोर जे घाबरतो ते आजही चालतं. कारण तेच: समोर खरी वस्तू आहे, तिला वजन आहे, तिच्या जबड्याचा खटका ऐकू येतो. तंत्रात दोन्हींची बरोबरी नाही, पण 'झपाटलेला' आवडणाऱ्याला 'इव्हिल डेड २' परका वाटणार नाही. फक्त हा मुलांबरोबर बघायचा चित्रपट नव्हे. शिरच्छेद, चेनसॉ, उडणारा डोळा हे सगळं आहे.

घ्यायची प्रत कुठली? लायन्सगेटची २०१८ ची ४के डिस्क उत्तम. अंधारातली झाडं वेगवेगळी दिसतात आणि फिल्मचे कण जपलेत. तिच्यात रबराच्या शिवणीही स्पष्ट दिसतात, पण काम कसं केलंय हे शिकणाऱ्याला त्या हव्याच असतात. टीव्हीवर बघताना मोशन स्मूदिंग नावाची सोय आधी बंद करा. ती मधल्या खोट्या फ्रेम स्वतः बनवते, त्यामुळे लिंडाचा नाच लिबलिबीत होतो आणि १८ फ्रेमच्या पळापळीची सगळी गंमत जाते. जुनी युरोपीय डीव्हीडी हाती लागली आणि लांबी ८१ मिनिटांच्या आसपास दिसली तर ती कापलेली आहे असं समजू नका. तिथे चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने चालवतात, म्हणून ८४ मिनिटांचे तेवढेच होतात. त्याहून बरीच कमी लांबी लिहिली असेल तर मात्र ती प्रत घेऊ नका.